एक कप्पा भरलेला, एक रिकामा: टाकीच्या मधल्या भिंतीवरचा पाण्याचा जोर

प्रकरण असे आहे. जमिनीवर बांधलेली पाण्याची आयताकृती काँक्रीट टाकी, मधोमध एक उभी भिंत, आणि त्या भिंतीमुळे झालेले दोन कप्पे. प्रत्येक कप्पा आतून १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत पाण्याची खोली ४.० मीटर, भिंतीची उंची तळापासून ४.३ मीटर. मधल्या भिंतीत, बाहेरच्या भिंतीपासून ०.८ मीटरवर, १.० मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच असा झरोका आहे. त्याचा उंबरा तळापासून ०.३ मीटर वर येतो. हा झरोका कायम उघडा असल्याने दोन्ही कप्प्यांतली पातळी नेहमी सारखीच राहिली. आता त्यावर वर-खाली सरकणारे बिडाचे गेट बसवले आहे. गेट बंद करून एक कप्पा रिकामा करायचा, धुवायचा, आणि तोवर दुसऱ्या कप्प्यातून पुरवठा चालू ठेवायचा, असा विचार.

प्रश्न एकच: भरलेल्या कप्प्यात ४ मीटर पाणी ठेवून शेजारचा रिकामा केला तर मधली भिंत टिकेल का? आणि टिकणार नसेल, तर किती पाण्यापर्यंत टिकेल?

नकाशावरून भिंतीची माहिती: जाडी २५० मिमी, दोन्ही बाजूंना १२ मिमीच्या उभ्या सळया १५० मिमी अंतरावर, उभ्या सळईवर ४० मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर). खाली तळाच्या स्लॅबशी एकसंध, वरची कड मोकळी. बाहेरच्या भिंती मात्र ४५० मिमी जाड आहेत. हा फरक पाहताच सावध व्हावे. ज्याने टाकी आखली त्याने मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखेच पाणी धरले होते, म्हणजे तिच्यावर निव्वळ भार जवळजवळ शून्य. गेट बसवले त्या दिवशी भिंतीचे काम बदलले, भिंत मात्र तीच राहिली.

भरलेल्या बाजूचा जोर

स्थिर पाण्याचा दाब खोलीबरोबर सरळ प्रमाणात वाढतो. पाण्याची घनता १००० किलो प्रति घनमीटर आणि गुरुत्वत्वरण ९.८१ धरले, तर दर मीटर खोलीला दाब ९.८१ किलोपास्कलने वाढतो. पृष्ठभागावर शून्य, ४ मीटर खाली ३९.२४ किलोपास्कल. मधे सरळ रेषा. भिंतीच्या बाजूने पाहिले की या दाबाचा त्रिकोण होतो, टोक वर आणि पाया खाली.

बल म्हणजे या त्रिकोणाचे क्षेत्रफळ. भिंतीच्या दर मीटर लांबीला:

बल = ९.८१ × खोली² ÷ २ = ९.८१ × १६ ÷ २ = ७८.४८ किलोन्यूटन

१२ मीटर लांबीवर हे ९४२ किलोन्यूटन होते, म्हणजे सुमारे ९६ टन वजनाइतके. सरासरी दाब गुणिले भिजलेले क्षेत्रफळ (१९.६२ × ४८) केले तरी हेच उत्तर येते आणि पडताळणीसाठी ते करून पाहावेच. क्षेत्रफळ भिजलेल्या भागाचेच घ्यायचे. ४.३ मीटरमधला वरचा ०.३ मीटर भाग कोरडा आहे, त्याचा इथे संबंध नाही.

कप्प्याची ८ मीटर रुंदी वरच्या हिशोबात कुठेही आलेली नाही, याकडे लक्ष द्या. रुंदी ८ मीटर असो की ८ सेंटिमीटर, खोली ४ मीटर असेल तर भिंतीवरचा जोर तोच. सिमोन स्टेव्हिनने १५८६ मध्येच हे मांडले होते, तरी आजही 'कप्पा लहान आहे, पाणी थोडेच आहे, भिंतीला काय होणार' असे म्हटले जाते. भिंतीला पाण्याचे प्रमाण कळत नाही, फक्त खोली कळते.

वातावरणाचा दाब या हिशोबात घ्यायचा नाही. तो पाण्याच्या पृष्ठभागावर असतो तसाच भिंतीच्या कोरड्या बाजूवरही असतो आणि दोन्ही एकमेकांना छेदतात. एकाच बाजूला १०१ किलोपास्कल धरून बसले तर दर मीटर लांबीला आणखी ४०० किलोन्यूटनच्या वर भर पडते आणि सगळा हिशोब हास्यास्पद होतो. दुसरी नेहमीची गल्लत एककांची. ७८.४८ किलोन्यूटन म्हणजे ८ टन वजन, ७८ टन नव्हे. हिशोब सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्यूटनमध्येच ठेवला की ही चूक होत नाही.

बलापेक्षा मोमेंट महत्त्वाचा

९६ टन हा आकडा दचकवतो, पण भिंत मोडेल की नाही हे त्यावरून ठरत नाही. ही भिंत खाली घट्ट आणि वर मोकळी आहे. पाणी तिला पायापाशी वाकवू पाहते, त्यामुळे बल किती याइतकेच ते किती उंचीवर लागते हे महत्त्वाचे. बल गुणिले ही उंची म्हणजे मोमेंट.

दाबाचा त्रिकोण खाली जाड आहे, म्हणून एकत्रित बल त्याच्या क्षेत्रमध्यातून जाते: तळापासून खोलीच्या एक-तृतीयांशावर, म्हणजे १.३३ मीटरवर. पायापाशी वाकवणारा मोमेंट:

मोमेंट = ९.८१ × खोली³ ÷ ६ = ९.८१ × ६४ ÷ ६ = १०४.६ किलोन्यूटन-मीटर, दर मीटर लांबीला

बल खोलीच्या वर्गाबरोबर वाढते, मोमेंट खोलीच्या घनाबरोबर. या प्रकरणाचे सगळे उत्तर या घनात आहे. एक उदाहरण ताबडतोब घेऊ. ओव्हरफ्लो तुंबला आणि पाणी ४.० ऐवजी भिंतीच्या माथ्याला, ४.३ मीटरला पोहोचले. पातळी वाढली साडेसात टक्के, बल वाढले १५.६ टक्के, मोमेंट १०४.६ वरून १३० वर गेला, म्हणजे २४ टक्के. त्यामुळे भिंतीचा हिशोब रोजच्या पातळीवर करू नये. पाणी जास्तीत जास्त जिथवर चढू शकते ती पातळी धरावी.

बल खोलीच्या मध्यावर लागते असे धरण्याची चूक फार होते. या भिंतीत त्याने मोमेंट दीडपट दिसतो (१५७), म्हणजे चूक सुरक्षित बाजूला पडते आणि म्हणूनच ती खपून जाते. पण तीच सवय वर बिजागरी आणि खाली टेकू असलेल्या फळीला लावली की उलटे होते. खरा हिशोब खालच्या टेकूवर दोन-तृतीयांश बल देतो, मध्यावर धरणारा निम्मेच देतो. टेकू गरजेपेक्षा पाव भागाने कमजोर निघतो.

१२ मीटर लांबीच्या भिंतीत बाजूच्या भिंती दोन्ही टोकांना आधार देतात, त्यामुळे टोकांजवळ मोमेंट कमी असतो. पण लांबी खोलीच्या तिप्पट आहे. मधला भाग बहुतांशी खालूनच धरलेल्या पट्ट्यासारखा वागतो. पहिल्या तपासणीला पूर्ण मोमेंट पायावर धरणे योग्य आणि सुरक्षित.

भिंत किती पेलते

१२ मिमीच्या सळया १५० मिमी अंतरावर, म्हणजे दर मीटर लांबीला ७५४ चौरस मिमी पोलाद. ताण पाण्याच्या बाजूच्या सळईत येतो. सळईच्या मध्यापासून काँक्रीटच्या पलीकडच्या पृष्ठापर्यंतची खोली: २५० − ४० − ६ = २०४ मिमी. पाणी धरणाऱ्या बांधकामात तडे बारीक राहावेत म्हणून सळईतला ताण मुद्दाम कमी ठेवतात. इथे १३० मेगापास्कल धरला आहे. ताण आणि दाब यांच्यातले अंतर २०४ च्या ०.९ पट:

७५४ × १३० × ०.९ × २०४ = १८.० किलोन्यूटन-मीटर, दर मीटर लांबीला

गरज १०४.६, क्षमता १८. जवळजवळ सहापट तफावत.

यावर 'परवानगीचा ताण कमी धरला आहे, प्रत्यक्षात भिंत बरेच जास्त घेईल' असे उत्तर येऊ शकते. ते तपासू. सळईचा नमन ताण (ज्या ताणाला ती कायमची ताणली जाऊ लागते) ४१५ मेगापास्कल धरला तर भिंतीची अखेरची क्षमता सुमारे ६१ किलोन्यूटन-मीटर होते. शेजारचा कप्पा रिकामा असताना हा मोमेंट ३.३४ मीटर खोलीलाच गाठला जातो. म्हणजे ४ मीटर पाणी ठेवून दुसरा कप्पा रिकामा केला, तर प्रश्न बारीक गळतीचा राहत नाही. दुसऱ्या कप्प्यात अजून सुमारे ३ मीटर पाणी असतानाच भिंतीच्या मधल्या भागातल्या सळया नमू लागतील, आणि त्यापुढे भिंत उभी राहिली तर ती बाजूच्या भिंतींच्या आधाराने, हिशोबाने नव्हे.

पायापाशी कातरबल, म्हणजे भिंतीला आडवे कापू पाहणारे बल, हेही पाहून घेतले. ७८.४८ किलोन्यूटन भागिले २०४ मिमी, म्हणजे ०.३८ मेगापास्कल. हा ताण सांभाळता येण्यासारखा आहे. इथे मोमेंटच निर्णायक ठरतो.

शेजारचा कप्पा पूर्ण रिकामा असेल, तर परवानगीतली खोली सरळ निघते: खोली³ = १८ × ६ ÷ ९.८१ = ११.०, म्हणून खोली २.२ मीटर.

पातळीतल्या फरकाचा घोटाळा

आता या प्रकरणाचा गाभा. २.२ मीटर हा आकडा हाती आल्यावर पुढचे पाऊल अगदी सहज सुचते: 'म्हणजे दोन्ही बाजूंत २.२ मीटरपर्यंतचा फरक चालेल. एका बाजूला ४ ठेवू, दुसरीकडे २ पर्यंत उतरवू. फरक २ मीटरच, मर्यादेच्या आत.' हे वाचायला पटते आणि पूर्ण चुकीचे आहे.

एका बाजूला ४ मीटर आणि दुसऱ्या बाजूला २ मीटर असताना भिंतीवर निव्वळ दाब कसा पडतो ते पाहा. वरच्या २ मीटरमध्ये पाणी एकाच बाजूला आहे, तिथे दाब शून्यापासून १९.६२ किलोपास्कलपर्यंत वाढतो. त्याखाली दोन्हीकडे पाणी आहे. दोन्ही दाब सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक १९.६२ वरच थांबतो आणि थेट तळापर्यंत तसाच राहतो. निव्वळ आकृती त्रिकोणाची राहत नाही. वर त्रिकोण आणि खाली आयत अशी होते.

त्रिकोणाचे बल १९.६२ किलोन्यूटन, तळापासून २.६७ मीटर उंचीवर: मोमेंट ५२.३.
आयताचे बल ३९.२४ किलोन्यूटन, १ मीटर उंचीवर: मोमेंट ३९.२.
एकूण बल ५८.९, एकूण मोमेंट ९१.६.

दुसऱ्या वाटेनेही हेच येते: १०४.६४ मधून २ मीटर पाण्याचा मोमेंट १३.०८ वजा. 'फरक २ मीटर' म्हणणाऱ्याने नेमका हा १३.०८ च भिंतीवरचा भार समजला होता. खरा भार त्याच्या सातपट आहे.

एक गोष्ट इथे उलटी वाटते. दुसऱ्या बाजूला पाणी भरल्यावर निव्वळ बल कमी होते, पण ते लागण्याची उंची वाढते: १.३३ वरून १.५६ मीटर. समोरचे पाणी खालच्या भागाचा भार उचलते आणि वरचा, लांब हाताचा भार तसाच राहतो. म्हणूनच दुसरा कप्पा निम्मा भरला तरी मोमेंट फक्त आठव्या भागाने घटतो. त्यात १ मीटर पाणी ठेवले तर घट दोन टक्केही होत नाही. 'थोडे पाणी शिल्लक ठेवू, आधार होईल' या बोलण्यात तथ्य नाही.

दोन्ही बाजूंना पाणी असताना अट अशी लिहिता येते: मोठ्या खोलीचा घन वजा लहान खोलीचा घन ११.० पेक्षा जास्त होता कामा नये. त्यावरून:

भरलेली बाजू ४.० मीटर: दुसरी किमान ३.७६, फरक २४ सेंमी
भरलेली बाजू ३.५ मीटर: दुसरी किमान ३.१८, फरक ३२ सेंमी
भरलेली बाजू ३.० मीटर: दुसरी किमान २.५२, फरक ४८ सेंमी
भरलेली बाजू २.५ मीटर: दुसरी किमान १.६७, फरक ८३ सेंमी
भरलेली बाजू २.२ मीटर: दुसरी रिकामी चालेल

टाकी भरलेली असताना चालणारा फरक फक्त २४ सेंटिमीटर आहे. कप्प्याचे तळक्षेत्र ९६ चौरस मीटर, म्हणजे हे २३ घनमीटर पाणी. गेट बंद राहिले आणि ताशी ६० घनमीटरचा पंप एकाच कप्प्यातून ओढत असला, तर ही मर्यादा २३ मिनिटांत ओलांडली जाते. ज्या टाकीत असे गेट आहे तिथे हा आकडा पंप चालवणाऱ्याला तोंडपाठ असला पाहिजे.

गेटवरचा जोर, आणि तिथे फरकाचा नियम खरा का

गेटचा हिशोब वेगळा करावा लागतो, कारण ते पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. एका बाजूला ४ मीटर आणि दुसरी बाजू रिकामी धरली, तर गेटचा माथा २.५ मीटर खोलीवर आणि तळ ३.७ मीटरवर. दाब २४.५ पासून ३६.३ किलोपास्कल. क्षेत्रमध्य ३.१ मीटरवर, तिथला दाब ३०.४१, क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर:

बल = ३०.४१ × १.२ = ३६.५ किलोन्यूटन

हे बल क्षेत्रमध्याच्या थोडे खाली लागते. आयताकृती उभ्या फळीसाठी ते अंतर = फळीची उंची² ÷ (१२ × क्षेत्रमध्याची खोली) = १.४४ ÷ ३७.२ = ०.०३९ मीटर, म्हणजे ३९ मिमी. पूर्ण भिंतीला हेच सूत्र लावले तर १६ ÷ २४ = ०.६७ मीटर येते आणि एक-तृतीयांशाचा नियम पुन्हा हाती लागतो. फळी जितकी खोल, तितके दाबकेंद्र (एकत्रित बल लागण्याची जागा) क्षेत्रमध्याजवळ. गेटच्या वरच्या कडेवर १७.१ आणि खालच्या कडेवर १९.४ किलोन्यूटन पडते, जवळजवळ निम्मे-निम्मे. पृष्ठभागाला लागून असलेल्या फळीचा एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांशाचा नियम इथे वापरला असता, तर वरच्या बोल्टांवरचा भार कमी धरला गेला असता.

दोन्ही बाजूंना गेट पूर्ण बुडालेले असेल, तर निव्वळ दाब वर पाहिल्याप्रमाणे सगळीकडे एकसारखा असतो. पातळीत २४ सेंमी फरक असेल तर २.३५ किलोपास्कल, बल २.८ किलोन्यूटन, आणि ते बरोबर क्षेत्रमध्यावर. 'फक्त फरक मोजा' हा नियम इथे पूर्ण खरा आहे. गेट हाताळणारी माणसे तो रोज वापरतात आणि त्यांचे बरोबरच असते. चूक होते ती तोच नियम उचलून तळापासून पृष्ठभागापर्यंतच्या भिंतीला लावताना, आणि फरकाला खोली समजताना.

उघडण्याचा जोर याच बलातून येतो. घासणाऱ्या पृष्ठभागांचा घर्षणांक ०.३ धरला तर ३६.५ किलोन्यूटन बलाखाली गेट हलवायला ११ किलोन्यूटन लागतात, शिवाय गेटचे वजन. पातळ्या जवळ आल्यावर हेच घर्षण १ किलोन्यूटनच्या आत येते. चाक फिरत नाही म्हणून पाइप घालून जोर लावणे हा दांडा वाकवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आधी पातळ्या जुळवाव्यात, मग चाकाला हात लावावा.

गेट कोणत्या बाजूला बसवले आहे हेही पाहायचे. गेटच्या बाजूचा कप्पा भरलेला असेल तर पाणी ते चौकटीवर दाबते आणि सील घट्ट बसते. उलट कप्पा भरलेला असेल तर तेच बल गेटला भिंतीपासून ओढते, सगळा भार भिंतीत रोवलेल्या बोल्टांवर जातो आणि सील सुटून गळती लागते. गेट उलट दाबासाठी बनवलेले नसेल, तर दोन कप्प्यांपैकी एकच कप्पा या पद्धतीने रिकामा करता येईल. बऱ्याच ठिकाणी हे गेट बसवून झाल्यावर लक्षात येते.

झरोका कोपऱ्याजवळ आहे हे सुदैव. तो भिंतीच्या मध्यावर असता, तर १ मीटर रुंदीच्या कापलेल्या सळयांचा भार दोन्ही बाजूंच्या साधारण मीटरभर पट्ट्यांवर गेला असता. त्यांचा मोमेंट दीडपट, आणि परवानगीतली खोली २.२ वरून १.९ मीटरवर आली असती. कोपऱ्याजवळ बाहेरची भिंत हा भार उचलते. तरीही झरोक्याभोवती जादा सळया नकाशात दाखवल्या आहेत का हे पाहायलाच हवे.

कप्पा रिकामा करण्याचा क्रम

हिशोबाने २.२ मीटर मिळाले, प्रत्यक्षात २.० मीटरची रेघ ठरवावी. पातळीपट्टी दोन-चार सेंटिमीटरने चुकते, सळया नकाशापेक्षा थोड्या आत बसलेल्या असू शकतात, आणि घनाच्या नियमामुळे शेवटचे वीस सेंटिमीटर महाग पडतात. २.० मीटरला मोमेंट १३.१, म्हणजे क्षमतेच्या ७३ टक्के, आणि सळईतला ताण ९५ मेगापास्कलच्या आत.

१. गेट उघडे ठेवून टाकीत येणारे पाणी बंद करायचे आणि दोन्ही कप्पे नेहमीच्या वापरातूनच २.० मीटरपर्यंत उतरू द्यायचे. दोन्ही मिळून ३८४ घनमीटर. ताशी ६० घनमीटरने साडेसहा तासांच्या आत होते. गेट फक्त १० सेंमी उघडे असले तरी पुरते. इतक्या फटीतून ताशी ६० घनमीटर जाताना पातळीत अंदाजे ४ मिमीच फरक पडतो.

२. दोन्ही पातळ्या पट्टीवर वाचून नोंदवायच्या, मग गेट बंद करायचे. यावेळी गेटवर जवळजवळ काहीच बल नसते, चाक हलके फिरले पाहिजे. जड गेले तर गाळ अडकला आहे.

३. धुवायचा कप्पा रिकामा करायचा. दुसऱ्यात १९२ घनमीटर साठा राहतो. धुण्याचे काम तेवढ्यात उरकेल अशी वेळ आधीच ठरवायची, कारण मधे साठा कमी पडला म्हणून भरलेल्या कप्प्यात पाणी सोडून २.० च्या वर नेता येणार नाही.

४. या अवस्थेत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचे. भरलेल्या कप्प्यात नकळत पाणी येत राहणे हा इथला सर्वात वाईट प्रसंग आहे. त्यावेळी शेजारच्या कप्प्यात, भिंतीच्या पायाशी, माणसे काम करत असतात.

५. परत भरताना क्रम उलटा. रिकाम्या कप्प्यात २.० मीटरपर्यंत पाणी, पातळ्या जुळल्यावर गेट उघडणे, आणि मगच दोन्ही कप्पे एकत्र वर नेणे. रिकामे करताना काळजी घेतलेली असते, भरताना घाई असते. धुतलेला कप्पा एकटाच ४ मीटरपर्यंत भरून दुसरा वापरात उतरत जाऊ दिला, तर भार तोच, फक्त बाजू उलटी.

पहिल्यांदा करताना काय पाहायचे

ताण पाण्याच्या बाजूला येतो. तडा पडला तर तो भरलेल्या कप्प्यात, पायाजवळ, आडवा पडेल, आणि तो पाण्याखाली असल्याने दिसणार नाही. कोरड्या बाजूला दिसेल ती फक्त ओल, आणि तीही तडा आरपार गेला तरच. त्यामुळे डोळ्यांवर अवलंबून न राहता भिंतीचा माथा किती झुकतो ते मोजायचे. रिकाम्या बाजूला, भिंतीला न टेकलेल्या मचाणावर डायल गेज लावून मधल्या भागाची नोंद घ्यावी. २.० मीटर पाण्याला, तडा नसलेल्या २५० मिमी भिंतीचा माथा अंदाजे पाऊण ते एक मिलिमीटर हलेल. ३ मिमीच्या वर गेला, किंवा पातळी स्थिर असताना वाचन वाढतच राहिले, तर काम थांबवून दोन्ही पातळ्या जुळवायच्या.

चाचणी त्याच भाराखाली घ्यायची, ज्यासाठी परवानगी मागतो आहोत. १५ जानेवारी १९१९ रोजी बोस्टनमध्ये काकवीची सुमारे १५ मीटर उंच पोलादी टाकी फुटली आणि २१ माणसे गेली. ती टाकी गोल होती, म्हणून तिच्या पत्र्यातला ताण वेगळ्या रीतीने काढतात, पण आतला दाब याच नियमाने वाढतो. तिची गळतीची चाचणी फक्त १५ सेंमी पाणी भरून घेतली होती. तळाशी येणाऱ्या दाबाचा शंभरावा भागही त्या चाचणीत आला नव्हता. शिवाय काकवी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असते. आपल्या टाकीत कधी समुद्राचे पाणी किंवा दाट गाळ येणार असेल, तर ९.८१ च्या जागी त्या द्रवाचा आकडा घालून सगळे पुन्हा काढावे लागेल. घनता ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात बल आणि मोमेंट दोन्ही वाढतात.

हा सगळा हिशोब स्थिर पाण्याचा आहे. भूकंपात पाणी हेलकावते आणि त्याचा भार वेगळा काढावा लागतो, म्हणून एक कप्पा रिकामा ठेवण्याची अवस्था तात्पुरतीच असावी.

४ मीटर ठेवायचेच असेल तर

पहिला सुचणारा उपाय म्हणजे वरच्या कडेला तुळई टाकून ती बाजूच्या भिंतींना बांधणे. वरून पूर्ण आधार मिळाला असे धरले तर पायाचा मोमेंट खोलीच्या घनाच्या सहाव्या भागाऐवजी पंधराव्या भागावर येतो: १०४.६ चा ४१.९. तरी १८ च्या दुप्पट. शिवाय भिंतीच्या मधल्या उंचीत, आता कोरड्या बाजूला ताण देणारा, १८.७ चा नवा मोमेंट उभा राहतो. आणि दर मीटर लांबीला १५.७ किलोन्यूटनचा आडवा भार १२ मीटर गाळ्यावर त्या तुळईला झेलावा लागतो. नुसत्या तुळईने भागत नाही.

भिंत जाड करायची तर बाहेरच्या भिंतीइतकी, ४५० मिमी. पाण्याच्या बाजूच्या सळईपासून पलीकडच्या पृष्ठापर्यंतचे अंतर ४०० मिमी धरले, तर १०४.६ साठी दर मीटरला २२३६ चौरस मिमी पोलाद लागते: २० मिमीच्या सळया १४० मिमी अंतरावर. भार कोणत्याही बाजूने येऊ शकतो म्हणून दोन्ही बाजूंना तेवढ्याच. नव्या सळया तळाच्या स्लॅबमध्ये रोवल्याशिवाय या जाडीचा उपयोग नाही, कारण मोमेंट शेवटी स्लॅबलाच घ्यायचा आहे. तो स्लॅबही मधल्या भिंतीकडून आजवर काहीच घेत नव्हता, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंनी स्लॅबमधल्या सळया किती आणि कुठवर आहेत हे तपासल्याशिवाय भिंतीवर एक पाटीही काँक्रीट चढवू नये.